समोरच्या खोलीतील भिंत आणि टीव्ही : गोसीखुर्द परिसरातील घरांचा एक इतिहास

पूर्व विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातून उठून नव्या गावठाणांत वसलेल्या घरांमध्ये टीव्ही आज बहुधा समोरच्या खोलीच्या भिंतीवर असतो. पत्र्याच्या दोन पट्ट्या, चार स्क्रू आणि प्लास्टिकच्या चार गिट्ट्या एवढ्यावर तो उभा राहतो. पवनी तालुक्यातल्या जुन्या घरात हे शक्य नव्हते. तिथली भिंत मातीची होती, संच लाकडी पेटीतला आणि वजनदार होता, आणि पाहणारे एका घरापुरते नव्हते. भिंत, संच आणि प्रेक्षक हे तिन्ही पन्नासएक वर्षांत बदलले, पण एकाच वेगाने बदलले नाहीत. लहान खोलीत टीव्ही कुठे आणि किती उंच लावायचा, याबाबत आज जे घोटाळे होतात त्यांचे मूळ या असमान वेगात आहे.

पूर्व विदर्भातले जुने घर धानपट्ट्यातले घर होते. वैनगंगेच्या काठची चिकण माती, तिच्यात तणस आणि कोंडा कालवून दीड-दोन फूट जाडीच्या भिंती थरावर थर चढवत उभ्या करायच्या, वर लाकडी मयाल (तुळई) आणि कवेलू (कौले). उन्हाळ्यात असे घर थंड राहायचे. मात्र या भिंतीत नंतर ठोकलेला खिळा फार काळ टिकत नसे. माती दाबाला बळकट असते, ओढीला नाही. खिळ्याभोवतीची माती हळूहळू भुगा होऊन गळते आणि खिळा बाहेर येतो. म्हणून भिंतीला जे काही धरायला लावायचे ते भिंत उभी राहतानाच ठरवावे लागे. लाकडी खुंट्या ओल्या थरातच आडव्या रोवल्या जात. दिव्यासाठी आणि किरकोळ वस्तूंसाठी कोनाडे सोडले जात. भांड्यांची फळी भिंतीतून बाहेर काढलेल्या लाकडी आधारांवर बसे. भंडारा हे पितळी भांड्यांसाठी नावाजलेले शहर, त्यामुळे खाऊनपिऊन सुखी घरात या फळीवर घासून लख्ख केलेल्या पितळी भांड्यांची रांग असायची. समोरच्या खोलीत पाहुण्याची नजर आधी जायची ती तिच्याकडे.

भिंतीवर टांगायची आणखी एक वस्तू म्हणजे तसबीर. देवादिकांच्या, पुढे बुद्ध आणि बाबासाहेबांच्या, तुकडोजी महाराजांच्या, घरातल्या गेलेल्या माणसांच्या तसबिरी मयालीलगत, माणसाच्या डोक्याच्याही वर लावल्या जात. खालची कड भिंतीला टेकलेली आणि वरची कड दोरीने पुढे झुकवलेली, अशी त्यांची ठेवण होती. जमिनीवर बसलेल्या माणसाला काचेवरची चमक न येता चेहरा दिसावा, हा त्यातला व्यवहार. पूज्य वस्तू डोक्याच्या वर असावी, ही त्यातली श्रद्धा. टीव्ही भिंतीवर आला तेव्हा भिंतीच्या याच पट्ट्यात गेला. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. महाराष्ट्रात पहिले केंद्र मुंबईचे, २ ऑक्टोबर १९७२ चे. शेतकऱ्यांसाठीचा ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम त्याच केंद्राने नावारूपाला आणला. पण मुंबईची लहर विदर्भापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकी उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट प्रक्षेपणाचा जो मोठा प्रयोग झाला, त्यातही महाराष्ट्र नव्हता. शेजारच्या तेव्हाच्या मध्य प्रदेशातली खेडी होती. त्या खेड्यांत कोंबड्यांच्या जाळीपासून बनवलेली तीन मीटर व्यासाची छत्री आणि शाळेत किंवा पंचायतीत ठेवलेला एक सामुदायिक संच, अशी व्यवस्था होती. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेल्यावर ग्रामीण कार्यक्रमांसाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश झाला. १९८४ च्या उत्तरार्धात तर देशभर सरासरी रोज एक या गतीने छोटी प्रक्षेपण केंद्रे उभी राहत होती. नागपुरापासून शंभरेक किलोमीटरच्या टापूत दूरदर्शन घराघरांत जाऊ लागले ते याच दशकात.

सामुदायिक संचाची एक शिस्त होती. तो जमिनीवर किंवा साध्या टेबलावर ठेवला तर पहिल्या दोन ओळींपलीकडे कुणाला काही दिसत नसे. म्हणून तो उंच चढवला जाई: टेबलावर बाक, बाकावर पेटी, किंवा खोलीच्या ओट्यावर. पोरे पुढे जमिनीवर, बाया एका बाजूला, बापे दारात आणि खिडकीत उभे. या भागाला अशा बसण्याची सवय आधीपासून होती. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, दंडार हे लोकनाट्य पाहायला आणि पुढे हिवाळाभर झाडीपट्टीची नाटके पाहायला माणसे याच रीतीने बसत. पुढचे खाली, मागचे उभे, आणि पाहायची गोष्ट सगळ्यांच्या वर. मंचाची उंची टीव्हीला गावाने अशी देऊन टाकली. शंभर माणसांसाठी ती योग्यच होती.

घरातला पहिला संच हा खोलीतली सर्वांत मोठी मालमत्ता असायचा. कृष्णधवल चित्र, लाकडी पेटी, पुढे सरकती किंवा घडीची शटरे आणि पुष्कळदा त्यांना कुलूप. चित्रनळी मागे निमुळती होत जाते, त्यामुळे वीस इंची संचालाही मागे दीड फुटाच्या आसपास जागा लागे आणि उचलायला दोन माणसे. शेजारी व्होल्टेज सांभाळणारा स्टॅबिलायझर, वर भरतकाम केलेला रुमाल, कवेलूंवर बांबूला बांधलेला अँटेना आणि त्यापासून कवेलूंच्या फटीतून खाली उतरलेली चपटी वायर. सुरुवातीला रेडिओसारखाच टीव्हीलाही टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे. ती अट १९८० च्या दशकाच्या मध्यावर गेली.

हा संच बहुतेक घरांत कोपऱ्यात बसला, आणि त्यामागे आकाराचा हिशेब होता. मागे निमुळती होणारी पेटी सपाट भिंतीला टेकवली तर खोलीचा दीड फूट खाते. तीच कोपऱ्यात तिरकी बसवली की नळीची शेपटी दोन भिंतींच्या काटकोनात मावते आणि पुढचा भाग साऱ्या खोलीकडे तोंड करतो. दहा फुटी खोलीत वाचलेला तो दीड फूट म्हणजे चार माणसांची बसायची जागा. कोपऱ्यातला टीव्ही हा चित्रनळीच्या काळातला सर्वांत शहाणा निर्णय होता. पुढे संच चपटे झाले तरी कित्येक घरांत प्लगचा बोर्ड, छत्रीची वायर आणि म्हणून टीव्हीही त्याच कोपऱ्यात अडकून राहिला.

२२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी झाली. त्या वेळी दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ चालू होते. जानेवारी १९८७ मध्ये सुरू झालेली ही मालिका जुलै १९८८ मध्ये संपली आणि त्याच वर्षी ‘महाभारत’ सुरू झाले. देशभरच्या खेड्यांत त्या वेळी जे दिसले ते इथेही वेगळे नव्हते. ज्याच्या घरी संच त्याच्या सपरीत (ओसरीत) गल्ली, वीज गेली तर बॅटरीवर चालणारा चौदा इंची संच, आणि पडद्यापुढे उदबत्ती. घरमालकाने संच टेबलावर आणि टेबल विटांवर चढवले ते मागच्यांना दिसावे म्हणून. पण उदबत्ती लागल्यावर ती जागा तसबिरींच्या जागेच्या जवळ गेली. पाहण्याची सोय आणि मान, ही दोन्ही कारणे तेव्हा एकच उंची मागत होती.

भिंतीवर संच लावण्याची पहिली कारागिरी घरात नव्हे, दुकानात झाली. १९९० च्या दशकात रंगीत संच आणि केबल तालुक्याच्या गावांत आले, तेव्हा हॉटेल, सलून, पानठेले, दवाखान्यातली बसायची खोली या ठिकाणी जमीन मोकळी ठेवून टीव्ही दाखवायचा होता. वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी अँगल कापून, जोडून चौकट बनवली जाई. तिची दोन टोके भिंत फोडून सिमेंटात गाडत आणि पुढे पत्र्याची पट्टी लावून संच घसरू नये याची तजवीज करत. वीस ते पंचवीस किलोचा एकवीस इंची संच छतालगतच्या कोपऱ्यात, पुढे झुकलेला, अशा चौकटीवर वर्षानुवर्षे राही. ही चौकट वजन खालून पेलत असे, आजच्या वॉलमाउंटसारखी मागून धरत नसे. तरी ती आजच्या माउंटची थेट पूर्वज आहे, आणि तिने उंचीची सवय आणखी पक्की केली. दुकानात गिऱ्हाईक उभे असते किंवा खुर्चीवर असते, हात लागू नये ही मालकाची काळजी असते. तिथे सात फुटांवरचा टीव्ही बरोबरच होता.

घरांत याच काळात शोकेस आली. लाकडी असेल तर सुताराकडून, विटांचे घर असेल तर गवंड्याकडून, कडप्प्याच्या फळ्या बसवून. मधला मोठा खण टीव्हीचा, बाजूचे लहान खण काचेच्या बाहुल्या, चहाचे कप, पोरांच्या ढाली आणि फोटोंचे. जिथे पूर्वी पितळी भांड्यांची रांग असायची तिथे आता ही शोकेस उभी राहिली. तिच्या मधल्या खणाचे माप एकवीस इंची चित्रनळीवर बेतलेले होते. असा संच सुमारे दोन फूट रुंद आणि जवळपास तितकाच उंच. पुढे आलेला ३२ इंची चपटा संच सुमारे अडीच फूट रुंद आणि दीड फुटाहून कमी उंच असतो, कारण पडद्याचे प्रमाण ४:३ चे १६:९ झाले. सहा इंचांच्या या फरकाने हजारो शोकेस निकामी केल्या. कडप्प्याचा खण रुंद करता येत नाही. टीव्ही भिंतीवर लावण्यामागे हौस होती तशी ही अडचणही होती.

धरणाने या भागातली घरे एका पिढीत बदलली. भंडारा जिल्ह्यातले पवनी आणि भंडारा, नागपूर जिल्ह्यातले कुही आणि भिवापूर या तालुक्यांतली कित्येक गावे बुडीत क्षेत्रात गेली. घर पाडून, मयाल-फाटे ट्रॅक्टरवर घालून माणसे नव्या गावठाणात आली. महाराष्ट्राच्या पुनर्वसन कायद्यानुसार शेतकऱ्याच्या लहान कुटुंबाला ३७० चौरस मीटर आणि बिगरशेतकरी कुटुंबाला १८५ चौरस मीटर भूखंड द्यायचा असतो. भूखंड मिळाला तरी त्यावर उभे राहणारे घर मोबदल्याच्या रकमेत बसवायचे होते. मोबदल्याची ओढाताण दीर्घकाळ चालली. २०१३ मध्ये शासनाने सुमारे १,२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज दिले, तोवर पायाभरणीला पंचवीस वर्षे होऊन गेली होती. इतकी वर्षे अर्ध्या बांधलेल्या घरात राहणे काय असते, हे या गावठाणांना विचारावे.

नव्या घराची भिंत विटांची आणि सिमेंटची झाली. भिंत जाड होती तोवर घरही ऐसपैस होते. आता भिंत पातळ झाली आणि खोलीही आटली. बाहेरची भिंत नऊ इंची आणि आतल्या चार इंची, ही सर्वसाधारण रीत. ज्यांना घरकुल मिळाले त्यांच्यासाठी माप शासनानेच ठरवले. इंदिरा आवास योजनेत किमान २० चौरस मीटर आणि २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. त्यात समोरची खोली दहा बाय दहाची निघाली तर पुष्कळ. एक दिवाण, एक कपाट, दोन दारे, एक खिडकी. जुन्या कोपऱ्यातल्या टीव्हीला इथे जागा उरली नव्हती.

नेमक्या याच सुमारास संच हलका झाला. ४२ इंची चपटा प्लाझ्मा टीव्ही जपानच्या फुजित्सू कंपनीने १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर बाजारात आणला, पण त्याची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होती. सामान्य घरात पोहोचला तो एलसीडी आणि मागून एलईडी प्रकाश असलेला संच, आणि खेड्यात तर २०१० नंतरच. २००१ च्या जनगणनेत ग्रामीण भारतातल्या १८.९ टक्के घरांत टीव्ही होता. २०११ मध्ये हे प्रमाण ३३.४ टक्के झाले. डिसेंबर २००४ मध्ये प्रसार भारतीने सुरू केलेल्या मोफत डीटीएच सेवेने मासिक पैसे न भरता वाहिन्या दिल्या. खेड्यातल्या छपरांवर आज दिसणाऱ्या छत्र्यांत तिच्या पुष्कळ आहेत. ३२ इंची एलईडी संचाचे वजन चार ते सहा किलो. जुन्या एकवीस इंची संचाच्या पाव हिश्श्याइतके. जो संच उचलायला दोन माणसे लागत, त्याहून मोठे चित्र आता शाळकरी मुलगा उचलू शकतो.

संच भिंतीवर बसण्यासाठी आणखी एका गोष्टीची गरज होती: संच एका कंपनीचा आणि माउंट दुसरीकडचा असला तरी भोके जुळावीत. १९९० च्या दशकात व्हेसा या उद्योगसंघटनेने चपट्या पडद्यांच्या पाठीवरच्या चार भोकांची अंतरे ठरवून दिली: ७५, १००, २०० मिलिमीटर आणि त्यांच्या पुढची. ३२ इंची संचावर बहुधा १०० बाय १००, २०० बाय १०० किंवा २०० बाय २०० अशी मांडणी आढळते. आज पवनीच्या दुकानात दोन-अडीचशे रुपयांचा बिननावाचा माउंट कुठल्याही संचाला बसतो तो या मानकामुळे.

आणि शेवटी गिट्टी. तिचा इतिहास टीव्हीहून जुना आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंती न बिघडवता विजेची जोडणी करायची होती, त्या कामातून जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी १९१० च्या सुमारास तागाच्या तंतूंची, प्राण्यांच्या रक्ताने चिकटवलेली नळी बनवली. तोवर लाकडी खुंटी ठोकून तीत स्क्रू फिरवत, जशी मातीच्या भिंतीत खुंटी रोवत. १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्तूर फिशर यांनी नायलॉनची, मधून चिरलेली, दात असलेली गिट्टी आणली. स्क्रू आत जाताना ती फुगते आणि विटेला आतून आवळते.  मातीच्या भिंतीत हे घडत नाही, कारण फुगणाऱ्या गिट्टीला आवळायला घट्ट कडा लागते. म्हणून गोसीखुर्द परिसरात टीव्ही भिंतीवर जाण्याची खरी सुरुवात दुकानातल्या चपट्या संचापासून नाही, विटेच्या भिंतीपासून मोजावी लागते.

ही जोडणी गावातला वायरमन करतो. आधी तो बोटाच्या पेराने भिंत वाजवतो. भरीव आवाज आला तर वीट, पोकळ आला तर सुटलेला गिलावा. मग पेन्सिलने खूण करून आठ मिलिमीटरच्या बीटने भोक पाडतो. आधी पांढरट-करडा भुगा पडतो, तो गिलाव्याचा. अर्ध्या इंचानंतर भुगा लाल झाला की बीट विटेत शिरले. दोन इंच खोलीपर्यंत लाल भुगाच आला तर गिट्टी धरणार. मधेच पुन्हा करडा झाला तर बीट दोन विटांमधल्या सांध्यात गेले, आणि भोक इंच-दीड इंच सरकवलेले बरे. फ्लाय ॲश विटांच्या भिंतीत ही खूण चालत नाही. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेपासून बनलेल्या या विटा विदर्भात मुबलक वापरल्या जातात, आणि त्यांचा भुगा पहिल्यापासून शेवटपर्यंत करडाच पडतो. तिथे हातालाच कळावे लागते: सांध्यात बीट एकदम सैल जाते, विटेत सारखा दाब मागते. चार इंची भिंतीत ठोका देणारे ड्रिल जोरात चालवले तर पलीकडच्या खोलीत गिलाव्याची खपली निघते. जाणता वायरमन तिथे ठोका बंद करून नुसते फिरवत भोक पाडतो.

माउंटचे तीन प्रकार बाजारात आहेत आणि लहान खोलीसाठी त्यांची निवड भिंतीवरून करावी लागते. पहिला सपाट, संचाला भिंतीपासून इंचभर अंतरावर धरणारा. वजन जवळजवळ सरळ खाली जाते, भिंतीला ओढ कमी. पण मागे बोट जात नाही, त्यामुळे वायर आधी जोडून मगच संच अडकवावा लागतो, आणि सेट-टॉप बॉक्सची पिन हलली तर पुन्हा काढावा लागतो. दुसरा झुकणारा, संचाला वरून दहा-पंधरा अंश पुढे वाकवणारा. तिसरा हाताचा, म्हणजे घडीचा हात बाहेर ओढून संच कुठल्याही बाजूला फिरवता येणारा. एकाच खोलीत दिवाणावरून आणि स्वयंपाकाच्या ओट्यावरून, दोन्हीकडून पाहायचे असेल तर हा हात फार सोयीचा वाटतो. पण त्याचा हिशेब वेगळा आहे. दहा किलोचा ४३ इंची संच ४० सेंटिमीटर बाहेर ओढला आणि माउंटच्या वरच्या व खालच्या स्क्रूंमध्ये २० सेंटिमीटर अंतर असले, तर वरच्या स्क्रूंवर सुमारे २० किलोची ओढ बाहेरच्या दिशेने येते. म्हणजे संचाच्या वजनाच्या दुप्पट, आणि तीही स्क्रू उपटण्याच्या दिशेने. पोराने हात धरून ओढला की आणखी. नऊ इंची भिंतीला हे पेलते. घरातल्या चार इंची भिंतीवर हाताचा माउंट लावू नये, लावलाच तर ३२ इंचांपेक्षा मोठ्या संचाला लावू नये.

संचाचे माप अंतरावर ठरते. पडद्याच्या कर्णाच्या दीडपट ते अडीचपट अंतरावरून पाहणे डोळ्यांना सुखाचे. ३२ इंचांसाठी ते चार ते साडेसहा फूट येते आणि ४३ इंचांसाठी साडेपाच ते नऊ फूट. दहा फुटी खोलीत समोरच्या भिंतीला लागून दिवाण असेल तर त्यावर बसणारा सात-आठ फुटांवर आणि चटईवर बसणारा पाच फुटांवर असतो. दोघांचाही विचार केला तर ३२ इंची संच बरोबर. माणसे दिवाणावरच बसत असतील तर ४३ इंचांपर्यंत जायला हरकत नाही.

उंचीच्या बाबतीत मात्र या भागातली, खरे तर साऱ्या महाराष्ट्रातली, रीत चुकीची आहे. चटईवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून अडीच फुटांवर असतात आणि दिवाणावर बसलेल्याचे साडेतीन फुटांवर. संचाचा मध्य सव्वातीन ते पावणेचार फुटांवर आला की दोघांचेही भागते. ३२ इंची संचाची खालची कड तेव्हा पावणेतीन फुटांच्या आसपास येते. प्रत्यक्षात बहुतेक घरांत संचाचा मध्य सहा फुटांवर असतो. चटईवर पाच फुटांवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला मग सुमारे ३५ अंश मान वर करून दोन-दोन तास मालिका पाहावी लागते. स्वस्त पडद्यांचे रंगही खालून पाहिले की फिके पडतात. ही उंची गावाने संचाला दिली तेव्हा पाहणारे शंभर होते. आज पाहणारे चार आहेत आणि त्यांतला एक मोबाइलमध्ये असतो. तसबिरींची रांग उतरली नाही, म्हणून टीव्हीही तिच्या बाजूलाच चढतो. प्लगचा बोर्ड दाराशेजारी साडेचार-पाच फुटांवर असतो, वायर लांबवायला नको म्हणून संच त्याच्याही वर जातो. पोरांचा हात लागेल ही भीती खरी आहे, पण तिच्यासाठी चार फूट पुरतात. कपाटामुळे किंवा दिवाणामुळे संच उंच लावणे भागच असेल तर झुकणारा माउंटच घ्यावा. जुन्या तसबिरींची वरची कड ज्या कारणाने पुढे झुकवत, तेच कारण इथे आहे.

जागा ठरवताना बोर्डाच्या बरोबर वर किंवा खाली भोक पाडू नये. भिंतीच्या आतून वायरची नळी टाकलेली असेल तर ती बोर्डापासून सरळ उभी वर जाते आणि बीट तिच्यात शिरते. घरकुलांत वायरिंग बहुधा पट्टीतून भिंतीवरूनच केलेले असते, तिथे हा धोका डोळ्यांना दिसतो. पडदा खिडकीसमोर आला तर दुपारी चित्र दिसत नाही, आणि खिडकीच्या लगत आला तर पाहणाऱ्याचे डोळे दिपतात. खिडकीशी काटकोनात असलेली भिंत सर्वांत चांगली. न्हाणीला लागून असलेली भिंत टाळावी. पावसाळ्यात तिला ओल येते, गिलावा फुगतो आणि स्क्रू गंजतो. छत्रीची वायर भोकातून आत येण्यापूर्वी बाहेर तिला खाली वळण द्यावे, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून ओघळत खोलीत येत नाही.

नव्या घरांत आता माउंटच्या मागे पीव्हीसीचे किंवा प्लायचे लाकडी रंगाचे पॅनल बसवतात. पॅनल चांगले दिसते, वायरी झाकते, पण वजन धरत नाही. त्यासाठी स्क्रू पॅनल ओलांडून विटेत दोन इंच गेला पाहिजे, म्हणजे पॅनलच्या जाडीइतका जास्त लांब स्क्रू घ्यायला हवा. संचाबरोबर फुकट येणारे स्क्रू त्या मापाचे नसतात. जुना ३२ इंची संच काढून ४३ इंची आणला तर पाठीवरची भोके बहुधा २०० बाय २०० ची निघतात. माउंटच्या पट्ट्या सरकत्या असतील तर भिंतीतली जुनी भोके तशीच चालतात. नसतील तर जुन्या गिट्ट्या काढून भोके पांढऱ्या सिमेंटने भरायची आणि नवी भोके त्यांच्यापासून निदान दोन इंच दूर पाडायची.